उपसंचालक बेयर्ड रस्टिन

२८ ऑगस्ट १९६३ च्या सकाळी वॉशिंग्टन स्मारकाभोवतालच्या हिरवळीवर तुरळक माणसे दिसत होती. लाखभर मोर्चेकरी येणार अशी घोषणा झालेली होती आणि वार्ताहरांची चुळबुळ सुरू झाली होती. त्यांनी संयोजकाला गाठले. उंच बांध्याच्या, पिकू लागलेल्या ताठ केसांच्या त्या गृहस्थांनी खिशातून एक कागद काढला, घड्याळात पाहिले, पुन्हा कागदावर नजर टाकली आणि सारे काही ठरल्याबरहुकूम चालले असल्याचे शांतपणे सांगितले. तो कागद कोरा होता, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेकदा हसत हसत सांगितले आहे.

दुपारपर्यंत तिथे सुमारे अडीच लाख माणसे जमली. त्या दिवशीचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण जगाने ऐकले आणि ध्यानात ठेवले. ती अडीच लाख माणसे आणणारे, त्यांच्या पाण्याची, जेवणाची, शौचालयांची व्यवस्था पाहणारे आणि संध्याकाळी त्यांना सुखरूप परत धाडणारे बेयर्ड रस्टिन मात्र दीर्घकाळ इतिहासाच्या तळटीपेतच राहिले. मोर्चाच्या कागदोपत्री त्यांचे पद उपसंचालकाचे होते. काम संचालकाचे आणि पद ‘उप’ असे का, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की त्यांच्या आयुष्याची सारी कहाणीच उलगडत जाते. रस्टिन समलिंगी होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

रस्टिन यांचा जन्म १७ मार्च १९१२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर या गावी झाला. ज्यांना ते आईवडील समजत होते ते वस्तुतः त्यांचे आजी-आजोबा आणि ज्या फ्लॉरेन्सला थोरली बहीण मानत होते ती त्यांची जन्मदात्री, हे त्यांना बरेच मोठे झाल्यावर कळले. आजी ज्युलिया क्वेकर संस्कारांत वाढलेली. हिंसेला थारा न देणाऱ्या आणि प्रत्येक माणसात ईश्वरी अंश मानणाऱ्या त्या पंथाची शिकवण नातवाच्या अंगी भिनली. आपल्याला मुलांचा सहवास अधिक आवडतो हे किशोरवयात त्यांनी आजीला सांगितले तेव्हा तिने त्याचा गाजावाजा केला नाही, की उपदेशही केला नाही. रस्टिन यांना पुढे आयुष्यभर स्वतःबद्दल जी अपराधी भावना फारशी शिवली नाही, तिचे मूळ बहुधा या स्वयंपाकघरातल्या संभाषणात असावे.

शाळेत ते उत्तम फुटबॉल खेळत आणि त्याहून उत्तम गात. गावातील चित्रपटगृहात गौरवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या जागी बसल्याबद्दल त्यांना विद्यार्थिदशेतच अटक झाली होती. दोन महाविद्यालये झाली, पदवी मिळाली नाही. १९३७ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, सिटी कॉलेजात नाव घातले, रात्री कॅफेत गायले आणि वंशभेदाविरुद्ध उघडपणे बोलणारा दुसरा पक्ष दिसेना म्हणून कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत शिरले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण करताच पक्षाने युद्धप्रयत्नांपुढे वंशभेदाचा प्रश्न बाजूला ठेवला. रस्टिन त्याच वर्षी बाहेर पडले.

बाहेर पडून ते ज्यांच्याकडे गेले, त्या ए. फिलिप रँडॉल्फ यांची ओळख करून दिल्याखेरीज ही हकिकत पुढे जाऊ शकत नाही. अमेरिकेतील रेल्वेच्या पुलमन शयनयानांत प्रवाशांची बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर कृष्णवर्णीय असत. त्यांचे खरे नाव काहीही असो, प्रवासी त्यांना सरसकट जॉर्ज म्हणून हाका मारत, कारण कंपनीच्या संस्थापकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. रँडॉल्फ यांनी १९२५ पासून या पोर्टरांची संघटना बांधली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली. माणसाला कामावर त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखले जावे, ही मागणी किती मूलभूत आहे हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९४१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली. त्या धाकाने अध्यक्ष रुझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील नोकऱ्यांत वंशभेद करण्यास मनाई करणारा आदेश काढला. रँडॉल्फ यांनी मोर्चा मागे घेतला, तेव्हा तरुण रस्टिन यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. सैन्यातील वर्णभेदाच्या प्रश्नावर १९४८ मध्ये पुन्हा तसेच घडले. त्यानंतर संकोचाने दोन वर्षे रस्टिन रँडॉल्फ यांना तोंड दाखवू शकले नाहीत. अखेर गेले तेव्हा म्हाताऱ्याने जुने काहीच उकरून काढले नाही. इतके दिवस होतास कुठे, एवढेच विचारले. हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

१९४१ ते १९५३ ही बारा वर्षे रस्टिन यांनी फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संस्थेत नोकरी केली. संस्थेचे प्रमुख ए. जे. मस्टी हे त्यांना पित्यासमान होते. या काळात गांधीजींच्या सत्याग्रहाचे तंत्र अमेरिकेच्या भूमीत रुजवण्यासाठी ज्या थोड्या माणसांनी प्रत्यक्ष मार खाल्ला, त्यांत रस्टिन अग्रभागी होते. दांडीयात्रेत सहभागी झालेल्या कृष्णलाल श्रीधराणी यांचे सत्याग्रहावरील पुस्तक या मंडळींनी पाठ्यपुस्तकासारखे वापरले. १९४२ मध्ये बसच्या पुढच्या बाकावरून उठण्यास नकार दिल्याबद्दल टेनेसीच्या पोलिसांनी रस्टिन यांना मारहाण केली. रोझा पार्क्स यांच्या प्रसंगाच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट. युद्धात भाग घेण्यास नकार दिल्याबद्दल १९४४ ते १९४६ तुरुंगवास झाला. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय व गौरवर्णीय सोळा पुरुषांनी दक्षिणेतील बसमधून एकत्र प्रवास केला, त्यात ते होते. १९४८ च्या अखेरीस ते भारतात आले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा वर्षही झालेले नव्हते. त्यांच्या सहकाऱ्यांकडून जे शिकता येईल ते शिकून ते परतले आणि बसप्रवासाच्या शिक्षेपोटी नॉर्थ कॅरोलायनात बावीस दिवस बेड्या घालून सक्तमजुरी करण्यास स्वतःहून हजर झाले.

या बारा वर्षांत त्यांचे समलिंगी असणे कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. सगळ्यांना ठाऊक होते. मस्टींचा दृष्टिकोन त्या काळातील सद्गृहस्थाचा होता. ही एक वैयक्तिक दुर्बलता आहे, मनोनिग्रहाने ती आवरावी, निदान संस्थेला तिची झळ पोहोचू नये, असे त्यांना वाटे. तुरुंगातील भोजनगृहात वर्णभेद नको म्हणून रस्टिन यांनी लढा उभारला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांच्या लैंगिक वर्तनाचा आरोप पुढे करून तो लढा मोडून काढला होता. मस्टींनी त्यांना कठोर शब्दांत पत्रे लिहिली. थोडक्यात, नोकरी होती, मान होता, स्नेहही होता. पण हे सारे एका अटीवर होते आणि ती अट इतर कोणाही सहकाऱ्याला नव्हती.

२१ जानेवारी १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील पसाडेना येथे रस्टिन यांचे व्याख्यान झाले. त्या रात्री एका मोटारीत दोन पुरुषांसह ते पोलिसांना सापडले. परस्परसंमतीचे समलिंगी संबंध तिथे तेव्हा गुन्हा होता. साठ दिवसांची शिक्षा झाली. संस्थेतील बारा वर्षांची नोकरी संपली आणि त्यांच्या जाण्याची वार्ता संस्थेने स्वतःच जाहीर केली. रस्टिन तेव्हा चाळीस वर्षांचे होते. सलोखा हा शब्द ज्या संस्थेच्या नावातच होता, तिने हे केले. त्या संस्थेत दुष्ट माणसे होती असे समजण्याचे कारण नाही. वंशभेदाविरुद्ध, युद्धाविरुद्ध आपली प्रतिष्ठा पणाला लावलेली ती भली माणसे होती. म्हणूनच हा प्रसंग अधिक अस्वस्थ करतो.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९५३ मध्ये, अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एक आदेश काढला. त्यानुसार समलिंगी असणे हे केंद्र सरकारच्या नोकरीतून काढून टाकण्यास पुरेसे कारण ठरले. हजारो कारकून, अधिकारी, तंत्रज्ञ यांच्या नोकऱ्या गेल्या. अशा कर्मचाऱ्याला शत्रू धमकावून गुपिते काढून घेईल, हा सरकारचा मुख्य युक्तिवाद होता. युक्तिवाद वर्तुळाकार होता हे उघड आहे, कारण बोभाट्याची धास्ती वाटे ती नोकरी जाण्याच्याच भयाने. आणि ज्याने काही लपवलेलेच नाही त्याला धमकावणार तरी कसे? रस्टिन यांच्या आयुष्यात धमक्या आल्या, पण त्या त्यांना क्वचितच आल्या. त्या त्यांच्या वरिष्ठांना आल्या.

त्याच वर्षी वॉर रेझिस्टर्स लीग या लहानशा युद्धविरोधी संघटनेने, काही सदस्यांचा विरोध असतानाही, रस्टिन यांना कामावर घेतले. पगार बेताचा, कार्यालय किरकोळ. परंतु हा माणूस आम्हाला हवा आहे एवढे तिने म्हटले आणि पुढील बारा वर्षे ते निभावले. अन्यत्र मात्र सावली सुटली नाही. १९५५ मध्ये क्वेकरांच्या सेवासंस्थेने शीतयुद्धाला अहिंसक पर्याय सुचवणारी एक गाजलेली पुस्तिका काढली. तिच्या लेखनात रस्टिन यांचा वाटा मोठा होता. आपल्या नावाने पुस्तिकेला अपाय होईल हे त्यांनी स्वतः मान्य केले आणि लेखकांच्या यादीतून त्यांचे नाव गळले. त्या संस्थेने ते परत छापले, पण त्याला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये बस-बहिष्कार ऐन भरात असताना रस्टिन माँटगोमेरीत पोहोचले. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या किंग यांच्या घरावर नुकताच बाँब पडला होता आणि घरात बंदुका होत्या. रस्टिन यांच्याबरोबर आलेला पत्रकार खुर्चीवर टेकणार, तोच त्या खुर्चीत पिस्तूल असल्याचे रस्टिन यांच्या ध्यानात आले, अशी हकिकत सांगतात. अहिंसा ही सोयीपुरती युक्ती नव्हे, ती जगण्याची रीत आहे, हे किंग यांच्या गळी उतरवण्यात रस्टिन यांचा वाटा निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या पूर्वायुष्याची कुजबुज माँटगोमेरीत पोहोचली आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. मग काम दुरून सुरू झाले. किंग यांच्या नावाने छापल्या गेलेल्या पहिल्या लेखाचा मसुदा रस्टिन यांचा होता. १९५७ मध्ये किंग यांच्या नेतृत्वाखाली जी दक्षिणी संघटना उभी राहिली तिची मूळ टिपणे रस्टिन यांची होती. काम त्यांचे, स्वाक्षरी दुसऱ्याची, अशी ती व्यवस्था होती.

१९६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शने करण्याचे किंग आणि रँडॉल्फ यांनी ठरवले. हार्लेमचे काँग्रेस सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांना ती नको होती. निदर्शने मागे घेतली नाहीत तर किंग आणि रस्टिन यांचे परस्परांशी शरीरसंबंध असल्याची वदंता आपण पसरवू, असा निरोप त्यांनी धाडला. आरोप धादांत खोटा होता. रस्टिन यांनी राजीनामा देऊ केला. किंग तो नाकारतील अशी त्यांची मनोमन अपेक्षा होती. किंग यांनी तो नाकारला नाही. गोळीबार, बाँब, तुरुंग यांना न डगमगलेला नेता एका अफवेपुढे डगमगला. जेम्स बाल्डविन या लेखकाने पुढील वर्षी त्याबद्दल किंग यांच्यावर छापील टीका केली. किंग यांचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही, परंतु त्यांच्या चरित्रांतून या पानावरून घाईने पुढे जाण्याचेही कारण नाही.

आता १९६३ कडे परत येऊ. कृष्णवर्णीयांमधील बेकारीचा प्रश्न घेऊन वॉशिंग्टनवर मोर्चा न्यावा, ही १९४१ पासून राहून गेलेली इच्छा चौऱ्याहत्तर वर्षांच्या रँडॉल्फ यांनी पुन्हा बोलून दाखवली आणि योजना आखायला रस्टिन यांना सांगितले. जुलैच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये प्रमुख संघटनांच्या नेत्यांची बैठक झाली. सर्वांत बलाढ्य संघटनेचे रॉय विल्किन्स यांनी रस्टिन यांच्या नावाला स्पष्ट विरोध केला. जुना कम्युनिस्ट, युद्धाला नकार देणारा, त्यात पसाडेनाची नोंद. विरोधक याचा वापर करतील, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, हे लवकरच दिसणार होते. यावर रँडॉल्फ यांनी संचालकपद स्वतःकडे घेतले आणि आपला सहायक आपण निवडू अशी अट घातली. ती मान्य झाल्यावर त्यांनी रस्टिन यांची निवड केली. ‘उप’ हा उपसर्ग आला तो असा.

हातात आठ आठवडेसुद्धा नव्हते. हार्लेममधील १३० व्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत कार्यालय थाटले गेले. रस्टिन यांच्या व्यवस्थापनाचे तपशील आजही एखाद्या अभ्यासक्रमात शिकवावेत असे आहेत. किती बसगाड्या, त्या कुठे थांबणार, किती शौचालये, पाण्याचे नळ कुठे, प्रथमोपचाराची ठाणी कुठे, याची मोजदाद रोज होई. ऑगस्टच्या उन्हात मेयोनीज नासते, तेव्हा शिदोरीत ते नको, इथपर्यंत सूचना दिल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी चीज सँडविचची ऐंशी हजार पाकिटे भरली. ध्वनिक्षेपक उत्तम हवेत, याबद्दल ते हटून बसले, कारण ज्यांना काही ऐकू येत नाही तो जमाव बेचैन होतो. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोलिसांना त्यांनी निःशस्त्र राहून गर्दी सांभाळण्याचे धडे दिले. गायकाचा कान, क्वेकराचा संयम आणि कम्युनिस्ट संघटनेत लागलेली शिस्त, असे सारे त्या कामी आले.

मोर्चाला पंधरा दिवस उरले असताना, १३ ऑगस्टला, साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड सिनेटमध्ये उभे राहिले. त्यांनी रस्टिन यांच्या पसाडेनातील अटकेची नोंद सभागृहात मांडली आणि ती कामकाजाच्या छापील वृत्तांतात समाविष्ट करवून घेतली. विल्किन्स यांना जी भीती होती ती खरी ठरली. १९५३ आणि १९६० या दोन्ही वेळी अशा प्रसंगी उत्तर एकच होते, ते म्हणजे राजीनामा. या वेळी रँडॉल्फ यांनी पत्रकारांना बोलावले. रस्टिन यांच्या सचोटीवर आणि कर्तबगारीवर सर्व नागरी हक्क नेत्यांचा पूर्ण विश्वास आहे, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी केले, आणि नागरी हक्कांच्या मारेकऱ्यांनी नीतिमत्तेचा आव आणावा याबद्दल चीड व्यक्त केली. इतर नेते त्यांच्या मागे उभे राहिले, विल्किन्ससुद्धा. पत्रकारांनी एक-दोन दिवस विचारले आणि विषय संपला. रस्टिन कामाला लागले, खरे तर त्यांनी ते थांबवलेच नव्हते.

या स्वीकाराला मर्यादा होत्या हेही सांगितले पाहिजे. समलिंगी हा शब्द रँडॉल्फ यांनी उच्चारला नाही. समलिंगी माणसाला काम करण्याचा हक्क आहे, असे कोणी म्हटले नाही. रस्टिन यांना तो आहे एवढेच म्हटले. विरोधक वंशभेदाचा पुरस्कर्ता होता, म्हणून एकजूट सोपी गेली, हेही खरे. तरीही १९५३ आणि १९६३ मध्ये आरोप तोच होता, कागदही तोच होता. कर्मचारी तोच होता. बदलला होता तो वरिष्ठ. वरिष्ठाने हात झटकले नाहीत तर बोभाट्याचे आयुष्य किती असते, ते त्या ऑगस्टमध्ये दिसले. नावाने हाक मारली जावी म्हणून बारा वर्षे झगडलेल्या माणसाला ते आधीच उमगले असावे. पुढच्या आठवड्यात ‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर रँडॉल्फ आणि रस्टिन या दोघांचेच छायाचित्र झळकले.

त्यानंतरचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी उभारलेल्या एक दिवसाच्या बहिष्कारात चार लाखांहून अधिक विद्यार्थी सामील झाले. १९६५ मध्ये कामगार संघटनांच्या साहाय्याने रँडॉल्फ यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि रस्टिन तिचे प्रमुख झाले. या वेळी ‘उप’ नव्हते. रस्त्यावरून मतपेटीकडे वळा, असा सल्ला त्यांनी चळवळीला दिला. व्हिएतनाम युद्धाबाबत त्यांनी घेतलेली सावध भूमिका जुन्या शांततावादी मित्रांना रुचली नाही आणि ती टीका निराधार नव्हती. १९७७ मध्ये त्यांची वॉल्टर नेगल या तरुणाशी गाठ पडली. दोघांच्या सहजीवनाला कायद्यात नाव नव्हते. वारसा, इस्पितळात भेटण्याचा अधिकार यांची सोय लावण्यासाठी १९८२ मध्ये रस्टिन यांनी आपल्या जोडीदाराला कायद्याने दत्तक घेतले. त्यासाठी नेगल यांच्या आईला मुलावरील हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. १९८६ मध्ये नोकरी आणि घर यांबाबत समलिंगींना संरक्षण देणाऱ्या न्यूयॉर्क शहराच्या कायद्याच्या बाजूने चौऱ्याहत्तर वर्षांचे रस्टिन उघडपणे बोलले आणि तो कायदा झाला. २४ ऑगस्ट १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

वेस्ट चेस्टरमध्ये नव्या शाळेला त्यांचे नाव देण्यावरून २००२ मध्ये मोठा वाद झाला, अखेर २००६ मध्ये बेयर्ड रस्टिन हायस्कूल सुरू झाले. २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्यांना सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला आणि तो नेगल यांनी स्वीकारला. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी पसाडेनाच्या शिक्षेबद्दल माफी दिली. अटकेला तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.

१९६३ च्या त्या दुपारी भाषणे संपल्यावर व्यासपीठावरून मोर्चाच्या मागण्या वाचून दाखवल्या गेल्या. त्या वाचल्या रस्टिन यांनी. सरकार, मालक, कंत्राटदार आणि कामगार संघटना यांनी नोकरीत भेदभाव करू नये असा केंद्रीय कायदा व्हावा, ही त्यांतील एक मागणी होती. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच्या सातव्या प्रकरणात ती उतरली. विधेयक प्रतिनिधिगृहात असताना वंशभेदाचे समर्थक असलेल्या व्हर्जिनियाच्या एका सदस्याने वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व या यादीत लिंग हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली होती. विधेयक बुडावे हाच त्यांचा हेतू होता, असे अनेक अभ्यासक मानतात. विधेयक बुडाले नाही, शब्द राहिला. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच शब्दाच्या आधारे सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की समलिंगी किंवा पारलिंगी असल्याच्या कारणावरून कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढणे बेकायदा आहे. ज्या तीन कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांवर हा निकाल झाला, त्यांपैकी विमानातून उडी घेण्याचे प्रशिक्षण देणारे डोनाल्ड झार्डा २०१४ मध्येच मरण पावले होते. अंत्यसंस्कार संस्थेत काम करणाऱ्या एमी स्टीफन्स निकालाच्या महिनाभर आधी गेल्या. जेराल्ड बोस्टॉक यांनी तो ऐकला.